दर पाचवं दार

शितावरून भाताची परीक्षा होते हे मराठी माणूस लहानपणी शिकतो आणि पुढं विसरून जातो. नामदेवरावांचं मात्र घर या एका म्हणीवर चाललं होतं. हैदराबादच्या दिलसुखनगरला, खाली टिफिन सेंटर आणि वर बँकेच्या परीक्षांचा क्लास अशा मधल्या मजल्यावर, ते बीबीएच्या पोरांना संख्याशास्त्र शिकवत. सगळ्या गावाला विचारत बसायचं नसतं, थोड्या माणसांना नीट विचारलं की गाव कळतं, हे त्यांचं लाडकं वाक्य. ते त्यांनी इतक्या पोरांच्या गळी उतरवलं होतं की शहरात कुठंही कुणी हातात पॅड घेऊन चार प्रश्न विचारताना दिसलं की त्यात आपलाही थोडा हात आहे असं त्यांना वाटे. स्वतः मात्र त्यांनी आजवर एकाही माणसाचं दार या कामासाठी ठोठावलं नव्हतं. पोहण्यावर उत्तम व्याख्यान देणाऱ्याला नदीत उतरावं लागत नाही, तसं त्यांचं चाललं होतं.

नदीत उतरायची पाळी त्यांच्यावर तारामतीबाईंनी आणली.

तारामतीबाई उदगीरकडच्या. माहेरी शेती, आणि माहेरची लसणाची चटणी अशी की जेवायला बसलेला पाहुणा भाजी विसरायचा. शेंगदाणे, सुकं खोबरं, लाल मिरची आणि लसूण, सगळं लोखंडी खलबत्त्यात कुटलेलं. मिक्सरला त्या हात लावू देत नसत. गेली कित्येक वर्षं लोक त्यांना म्हणत होते की ही चटणी विका, आणि त्या हसत होत्या. या वर्षी महिला मंडळाला नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनात, दोन दिवसांसाठी स्टॉल मिळाला आणि त्यातलं अर्धं टेबल तारामतीबाईंच्या वाट्याला आलं. त्यांनी बंगळुरूला मुलाला, प्रशांतला, फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "छान आहे आई. हौस म्हणून ठीक आहे."

तो 'हौस' शब्द बाईंना काट्यासारखा रुतला. रात्रीच्या जेवणात त्यांनी नामदेवरावांना सरळ सांगितलं, "अहो, मला बाकी काही नको. डबे घरी परत येऊ नयेत. परत आले तर पोरगा काही बोलणार नाही, पण मनात म्हणेल, बघ, मी म्हणालो नव्हतो का."

"डबे परत येणार नाहीत," नामदेवराव म्हणाले. "आपण आधी ग्राहकाला विचारू."

"विचारलंय की. माझ्या नणंदेला विचारलं, भिशीतल्या सगळ्यांना विचारलं. सगळ्या म्हणाल्या लसूण आणखी घाला."

नामदेवरावांनी घास खाली ठेवला. हा त्यांचा मर्माचा विषय होता. "त्याला सोयीचा नमुना म्हणतात," ते हळुवारपणे म्हणाले, डॉक्टर वाईट बातमी देतात तसे. "जवळचे लोक, हाताशी सापडले म्हणून विचारलेले. त्यांना तुझी भीड पडते. शिवाय सगळ्या आपल्याकडच्या. नुमाइशीत काय फक्त उदगीरचे लोक येणार आहेत? ते सगळं बाजूला ठेव. मी शास्त्रशुद्ध नमुना काढतो."

"तुम्ही काढा मग," तारामतीबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तशी करते." हे वाक्य त्यांनी संसारात फारसं वापरलेलं नव्हतं. नामदेवरावांना त्या रात्री झोप छान लागली.

मलकपेठेतल्या या आठ मजली इमारतीत ते दिवाळीतच राहायला आले होते. दर मजल्यावर पाच फ्लॅट, म्हणजे चाळीस घरं. तेलुगू, मराठी, मारवाडी, उर्दू बोलणारे, सगळे एका जिन्यात. हैदराबादच जणू लिफ्टमध्ये भरून ठेवलेलं, असं नामदेवराव म्हणाले. चाळिसांतून आठ घरं घ्यायची. पहिल्या पाचांतलं एक चिठ्ठी टाकून निवडायचं आणि तिथून पुढं दर पाचवं दार. पुस्तकात याला पद्धतशीर नमुना म्हणतात, आणि पद्धतशीर हा शब्द नामदेवरावांना आपल्या नावाच्या मागं उपाधीसारखा लागावा असं फार वाटे.

स्टीलच्या डब्यात पाच चिठ्ठ्या टाकून, डबा दोन्ही हातांनी खळखळवून, डोळे मिटून त्यांनी एक उचलली. पाच आला. म्हणजे १०५, २०५, ३०५, असं थेट ८०५ पर्यंत. प्रत्येक मजल्यावर लिफ्टमधून उतरून डावीकडं वळलं की कोपऱ्यातलं दार. शास्त्र कधी कधी माणसाच्या गुडघ्यांचाही विचार करतं याचं त्यांना समाधान वाटलं.

पण मध्ये सोसायटी होती. सेक्रेटरी रितेश हा आयटीतला पोरगा, कानात सतत काहीतरी अडकवलेला. तो म्हणाला, "अंकल, बिल्डिंगमध्ये सर्वे करायचा म्हणजे कमिटीचं अप्रूव्हल लागेल. मागं एकजण पाण्याच्या फिल्टरचा सर्वे म्हणून आला आणि फिल्टरच विकून गेला." कमिटीची बैठक बोलावली गेली. बैठकीला रितेश, नामदेवराव आणि खुर्च्या एवढेच हजर होते. शेवटी रितेशनं आपल्या अधिकारात परवानगी दिली, पण एका अटीवर. "तुम्ही फिरतच आहात तर आमचा पण एक प्रश्न विचारा. लिफ्टमध्ये आरसा कुठल्या भिंतीवर लावायचा. वर्षभर भांडण चाललंय."

चटणीच्या शास्त्रात आरसा घुसलेलं नामदेवरावांना आवडलं नाही, पण शास्त्राला सरकारी कृपेशिवाय कधी चालतं का? त्यांनी मान डोलावली.

दुसरी अडचण शेजारच्या दारात उभी होती. ४०३ मध्ये शंकरराव राहत. मूळचे नांदेडकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कुठंही न जाणारे. सर्व्हे होणार हे कानावर पडल्यापासून ते दार उघडं ठेवून बसले होते. नामदेवराव पॅड घेऊन निघाले तशी त्यांनी हाक मारली.

"सर, या की. इकडून सुरू करा."

"शंकरराव, तुमचा नंबर नमुन्यात आलेला नाही."

"आला नाही म्हणजे? चार पावलांवर तर हाव आम्ही."

"म्हणूनच नाही. मी आवडीनं माणूस निवडला की निष्कर्ष बिघडतो. चिठ्ठीत जे आलं तेच."

शंकररावांचा चेहरा उतरला. "पस्तीस वर्षं रेल्वेत काढली. लोकं मला विचारूनच गाडीत बसायची. आन आता चटणीबद्दल बी आमचं मत नको झालं व्हय?" त्यांनी दार लावून घेतलं. जोरात नाही, पण ऐकू येईल असं.

त्यानंतर शंकरराव रोज लिफ्टपाशी भेटत आणि फक्त एवढंच विचारत, "मग काय म्हणतो तुमचा नमुना?" नामदेवराव मनातून कळवळत, पण शास्त्रापुढं शेजारधर्म नाही, असं स्वतःला बजावत.

१०५ मध्ये पांढऱ्या केसांच्या एक आजी होत्या, सत्यवतम्मा. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी प्रश्न ऐकून घेतला आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "वेल्लुल्ली वद्दंडी." लसूण नको. आरसा उत्तरेच्या भिंतीवर. २०५ मध्ये एक जावईबापूंसारखे गृहस्थ होते. ते "वन मिनिट" म्हणून आत गेले, कुणाशी तरी फोनवर बोलले, बाहेर येऊन म्हणाले, लसूण नको, आरसा उत्तरेला. ३०५ ची कॉलेजातली मुलगीही आत जाऊन फोन करून आली. ४०५ चे रेड्डी, ५०५ चे राव, सगळे एक मिनिट मागत, आत जात, विचारपूर्वक परत येत आणि तेच सांगत. पाट्यांवर आडनावं निरनिराळी, वयं निराळी, उत्तर एक.

"केवढे विचारी लोक आहेत," नामदेवराव घरी येऊन म्हणाले. "घाईनं उत्तर देत नाहीत. आणि एकवाक्यता तर बघ. आठांपैकी आठ. विचलन शून्य. माझ्या नोकरीत मी शून्य विचलन फक्त फळ्यावर पाहिलं होतं."

तारामतीबाई हातात लसणाचा गड्डा घेऊन उभ्या होत्या. "अहो, हैदराबाद लसूण खात नाही?"

"निष्कर्ष तसा आहे."

"तुमच्या क्लासखालच्या टिफिनवाल्याकडं तर इडलीवरसुद्धा वेल्लुल्ली कारम भुरभुरतात. लसणाचं तिखट. लोक त्याच्यासाठी रांगा लावतात."

"तो तुझा अनुभव आहे," नामदेवराव म्हणाले. "अनुभव आणि नमुना यात फरक असतो."

बाईंनी गड्ड्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि गड्डा टोपलीत ठेवून दिला. म्हणाल्या होत्या ना, तुम्ही म्हणाल तशी करते. मग जवस भाजले, तीळ भाजले, हिंग आणला. खलबत्त्याचा आवाज आठवडाभर घुमला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी सोसायटीच्या ग्रुपवर ड्रिलिंगची तक्रार टाकली. चटणी चांगली झाली. वाईट चटणी करायचं बाईंना जमतच नसे. पण पहिल्या घासाला नामदेवरावांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि ती आपली व्यक्तिगत आवड आहे म्हणून त्यांनी ती भावना दाबून टाकली.

इकडं रितेशनं अहवाल हातात पडताच आरसा बसवला. उत्तरेची भिंत म्हणजे लिफ्टची बाजूची भिंत. चार माणसं आत शिरली की एकाला दुसऱ्याचा कान दिसे. ग्रुपवर बोंब उठली, की हा कौल दिला कुणी. रितेशनं शांतपणे लिहिलं, नामदेवराव सरांच्या शास्त्रीय सर्वेनुसार. सरांना या वाक्याचा अभिमानही वाटला आणि लिफ्टमध्ये जायची चोरीही झाली. दोन दिवस ते जिन्यानं चढले.

नुमाइशीच्या आदल्या सकाळी क्लासमध्ये नमुन्यांचाच धडा होता. नामदेवराव रंगात आले होते. साधा यदृच्छ नमुना झाला, स्तर पाडून घेतलेला झाला, मग ते पद्धतशीर नमुन्याकडं वळले आणि त्याचा धोका सांगू लागले. हा धोका समजावायला त्यांचं एक ठरलेलं उदाहरण होतं. वर्षानुवर्षं ते एकही शब्द न बदलता तेच देत.

"समजा," ते खडू उंचावून म्हणाले, "एका इमारतीत दर मजल्यावर पाच फ्लॅट आहेत. आणि तुम्ही दर पाचवं दार घेतलंत. तर काय होईल? तुमच्या हाती फक्त कोपऱ्यातले फ्लॅट येतील. आणि ते सगळे जर..."

खडू तसाच वर राहिला. वर्गातला पंखा करकरत होता. पोरांना वाटलं सर आठवतायत. सर आठवत नव्हते. ते आपल्याच डाव्या हाताला वळून, कोपऱ्यातल्या दारापुढं, आठव्यांदा उभे होते.

पहिल्या बाकावर शंकररावांची नात स्वप्ना बसली होती. तिनं हात वर केला. "सर, आपल्या बिल्डिंगमध्ये बी सेम टू सेम है ना. पाच नंबरवाले सगळे एकाच घरचे."

"एकाच घरचे?"

"हाव सर. जमीन त्यांची होती ना. बिल्डरला दिली, बदल्यात ईस्ट फेसिंगवाले आठ फ्लॅट घेतले. वास्तूचं लई बघतात. एका मजल्यावर मुलगा, बाकीच्यांवर जावई, भाचे. म्हणून आडनावं वेगळी. पण किचनमध्ये अजून अम्मम्माचंच चालतं. १०५ वाली आजी. कुणी लसूण, कांदा कायबी खात नाही. विचारल्याशिवाय परदा बी बदलत नाहीत."

म्हणजे आठ घरं नव्हती. एक म्हातारी होती, आणि तिला आठ वेळा विचारलं गेलं होतं. शून्य विचलन. फोन कुणाला जात होते तेही आता कळलं. नामदेवराव खुर्चीत बसले. आयुष्यात प्रथमच त्यांनी तास वेळेआधी सोडला.

मलकपेठेला पोचेपर्यंत त्यांनी तारामतीबाईंना न सांगण्याची निरनिराळी कारणं शोधली आणि ती सगळी चांगली होती. पण घरात शिरले तर बाई जमिनीवर मांडी घालून डब्यांवर लेबलं चिकटवत होत्या. नवी साडी खुर्चीवर काढून ठेवली होती. नामदेवरावांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते चपला घालूनच आत आले. त्यांनी सगळं सांगितलं, मधलं काही न गाळता.

तारामतीबाईंनी हातातलं लेबल सरळ चिकटवलं, त्यावरून बोट फिरवलं, आणि मग म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं हैदराबाद काय खातं. तुम्ही मला एका म्हातारीचं उत्तर आणून दिलं."

"होय."

"आणि माझ्या भिशीतल्या बायांना भीड पडते म्हणालात."

"होय."

"एवढा लसूण आता सोलून, वाळवून, कुटून होणार आहे का?"

नाही, हे दोघांनाही माहीत होतं. बाईंनी पुढचा डबा ओढला आणि त्यावर लेबल चिकटवलं. त्यांनी रागवायला हवं होतं, असं नामदेवरावांना रात्रभर वाटत राहिलं.

नुमाइशीत दुसऱ्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. काश्मिरी शाली, बांगड्या, मिरची बज्जी, पोरांची पिपाणी. लोक टेबलापाशी येत, चिमूटभर चटणी तळहातावर घेत, चाटून म्हणत, "बागुंदि. वेल्लुल्ली उंदा?" छान आहे. लसूण आहे का? नाही म्हटलं की हसून पुढं जात. नामदेवराव प्रत्येक नकाराबरोबर थोडे खाली सरकत होते. दुपारी शंकरराव स्वप्नाला घेऊन आले, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी टेबलाकडं, भरलेल्या डब्यांकडं पाहिलं. चांगला टोमणा मारायची संधी समोर उभी होती. त्यांनी ती सोडून दिली आणि एवढंच म्हणाले, "सर, चहा पिऊन या. आम्ही बसतो."

नामदेवराव चहाला गेले नाहीत. कारण त्याच वेळी गर्दी दोन्ही बाजूंना सरकली आणि चाकाची खुर्ची पुढं आली. खुर्चीत सत्यवतम्मा, मागं २०५ चे जावई, ३०५ ची मुलगी, रेड्डी, राव, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं. नुमाइशीला लाखो माणसं लोटली होती, त्यांतल्या कुणी डबा घेतला नव्हता. नमुना मात्र अख्खा आला होता.

"यांनी मला विचारलं होतं," आजी नामदेवरावांकडं बोट दाखवून तेलुगूत सगळ्यांना सांगत होत्या. "मी सून म्हणून आले तेव्हापासून दरवर्षी इथं येते. पोरं सगळं खातात आणि मी त्यांच्या पिशव्या सांभाळत बसते. मला काय चालतं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. हे दारात येऊन विचारून गेले, आणि तसं केलंसुद्धा."

त्यांनी चटणी चाखली. डोळे मिटले. मग तारामतीबाईंचा हात धरून, खुर्ची टेबलाला लावायला सांगून, त्या तिथंच ठिय्या देऊन बसल्या. आठ घरांनी आपापला डबा घेतला तो घेतलाच, पण आजींची नजर घारीची. गर्दीत कुणी कपाळाला गंध लावलेलं, कुणी गळ्यात माळ घातलेलं, कुणी खाण्याच्या गाड्यांपुढं नुसतंच उभं राहिलेलं दिसलं की त्या हाक मारत. तसे लोक बरेच निघाले. कुणाचा वार, कुणाचं व्रत, कुणाचं जन्मभराचं पथ्य. तारामतीबाई देता देता थकल्या आणि त्यांचा आवाज हळूहळू नेहमीसारखा मोठा झाला. तो ऐकून नामदेवरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं.

स्वप्नानं विचारलं, "सर, मग सॅम्पल करेक्ट होता की राँग?"

नामदेवराव उभे राहिले. बीबीएच्या प्रश्नाला ते कधी बसून उत्तर देत नसत. "नमुना चुकला होता. माल खपला. परीक्षेत या दोन वाक्यांच्या मध्ये 'म्हणून' लिहिलंस तर शून्य देईन."

सगळा माल काही खपला नाही. थोडे डबे घरी आले आणि पुढं बरेच दिवस नामदेवराव भाकरीबरोबर, वरणाबरोबर, एकदा तर उपम्याबरोबरही विनातक्रार जवसाची चटणी खात राहिले. प्रशांतचा फोन आला तेव्हा बाईंनी त्याला डबे परत आल्याचं आपणहून सांगितलं. "पण जे खपले ते कसे खपले ते विचार," त्या म्हणाल्या, आणि पुढं अर्धा तास त्याच बोलल्या. हौस हा शब्द काही परत आला नाही.

उगादीला, आपल्या पाडव्याला, महिला मंडळाचा पुन्हा स्टॉल लागणार होता. तारामतीबाईंनी लसूण आणला आणि त्याच संध्याकाळी तो रिकामा स्टीलचा डबा नामदेवरावांच्या पुढ्यात आणून ठेवला.

"हा कशाला?"

"चिठ्ठ्या करा. या वेळी चाळीसच्या चाळीस. आणि नीट हलवा. भातसुद्धा खालून वर ढवळल्याशिवाय शीत काढत नाहीत, हे तुम्हीच सांगता ना पोरांना?"

"तू पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवतेस?"

"विश्वास कसला. विचारायला जाणारं घरात दुसरं कोण आहे?" असं म्हणून त्या आत गेल्या, पण जाताना हसल्या. नामदेवरावांनी एका कागदाचे चाळीस तुकडे केले, डबा इतका हलवला की खालच्या मजल्यानं पुन्हा ग्रुपवर काहीतरी लिहिलं, आणि पहिली चिठ्ठी उघडली.

४०३.

त्यांनी सदरा बदलला, पॅड घेतलं आणि शेजारची बेल वाजवली. शंकररावांनी दार उघडलं. पॅड पाहिलं. आत जाऊन केसांवरून कंगवा फिरवून आले, नामदेवरावांना कोचावर बसवलं, स्वतः समोर ताठ बसले, स्वप्नाला टीव्ही बंद करायला लावला.

"विचारा सर."

"शंकरराव, चटणीत लसूण किती असावा असं आपलं मत आहे?"

शंकररावांनी शर्टाची कॉलर सरळ केली.

"खरं सांगू का सर," ते म्हणाले, "मला ॲसिडिटी हाय. मी चटणी खातच नाही."

नामदेवरावांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि चहा घेऊनच उठले.